युद्धात पकडल्या गेलेल्या सैनिकाला शौर्यपदक मिळू शकतं का? कैदेतल्या काळाचा पगार मिळतो का?

मिळू शकतं. देशातलं सगळ्यात मोठं मिळालेलं आहे. मेजर धनसिंग थापा. 20 ऑक्टोबर 1962, पँगाँग सरोवराकाठची सिरिजाप चौकी, हाताशी मूठभर गुरखे. चौकी पडली, थापा गेले असं धरून परमवीर चक्र मरणोत्तर जाहीर झालं. मागाहून कळलं, गडी चीनच्या कैदेत जिवंत आहे. मे 1963 मध्ये परत आले. पदक कुणी काढून घेतलं नाही.

उत्तर खरं तर इथंच संपतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'पकडला गेला म्हणजे लढायचं थांबवलंच ना', त्यानं डोकं फिरलं. हेच वाक्य माझ्या चुलतभावानं भर ग्रामसभेत आमच्या आज्ज्याबद्दल काढलं होतं.

आज्जा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधला शिपाई. दुसऱ्या महायुद्धात, जून 1942 मध्ये, ब्रिटिशांच्या बाजूनं लढणारी ही पलटण लिबियात, तोब्रूक बंदराच्या आग्नेय कडेला होती. जर्मन सेनापती रोमेलनं 20 तारखेला पहाटे नेमकी तीच बाजू धरली. आधी विमानं, मग सुरुंग काढणारे, त्यांच्या मागनं रणगाडे. समोरचा खंदक वाळूनं बुजलेला, सुरुंग बरेचसे आधीच उपसून दुसरीकडं नेलेले. आज्जा एवढंच सांगायचा, "रायफलीनं रणगाडा मरत नस्तो, पोरा." दुसऱ्या दिवशी तिथल्या जनरलनंच शरणागती दिली. 33 हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. यात शिपायानं काय थांबवलं?

घरी 'बेपत्ता' असा कागद आला. भाऊबंद आजीला म्हणाले, कुंकू पूस. तिनं पुसलं नाही. पाच महिन्यांनी इटलीतनं कार्ड आलं. अक्षर दुसऱ्याचं, खाली आज्ज्याचा अंगठा. 'बरा आहे. बैल विकू नका.' बैल तोवर विकले गेले होते.

आज्जा 45 साली परतला. पुढं लग्नात पंगतीला बसायचा, पण बुफे असला की न जेवता घरी. "रांगेत हुबं ऱ्हाऊन खायाचं तेवढं खाऊन झालंय माजं."

तर गावात माजी सैनिकांचा फलक करायचा ठरलं आणि भाऊ उठून म्हणाला, फलक लढणाऱ्यांचा आहे, पकडलेल्यांचा नाही. सगळे गप्प. आज्ज्याचं नाव राहूनच गेलं. (हा स्वतः पोलीस भरतीत दुसऱ्या फेरीलाच खाली बसला होता.) मग हवाई दलाचे वैमानिक दिलीप पारुळकर, त्यांचं काय करायचं? 65 च्या युद्धात हाताला गोळी लागलेली असताना विमान परत आणलं. 71 ला विमान पडून कैद झाले, तर ऑगस्ट 72 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून दोघा साथीदारांसह पळाले. लंडीकोतलला, अफगाण सीमेच्या तोंडाशी सापडले. दोनदा पकडले गेले म्हणून दुप्पट भित्रे?

आता हेही खरं, की प्रत्येक कैदी शूर नसतो. न लढता हात वर करणारेही असतात. आज्ज्याला पदकबिदक नव्हतं, त्या सकाळी त्यानं किती गोळ्या झाडल्या याची कुठं नोंदही नाही.

पगाराचं म्हणाल तर आजीला मनीऑर्डर येत होती, दोन पोरं त्यावरच जगली. आजचे नियम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि तुमच्या गावात असा फलक होणार असेल तर पकडलेल्यांची नावं आधी लिहून घ्या, नंतर कुणी घालत नाही. आमच्या फलकावर तळाला दोन नावांपुरती जागा अजून कोरी आहे, मी मोजून आलोय.