फायबर पावडर आणि प्रोबायोटिक कॅप्सूल एकत्र सुरू करावे का? सासूबाईंच्या पोटाविषयी उत्तर

नमस्कार ताई.

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासूबाईंचे वय ६४ आहे आणि त्यांना रक्तदाबाची व थायरॉइडची गोळी कायमची सुरू आहे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गेल्या महिन्यात त्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला आणि तेव्हापासून पोट नीट साफ होत नाही. तुमच्या यजमानांनी ऑनलाइन इन्युलिनची (फायबरचा एक प्रकार) पावडर आणि १५ प्रकारचे जिवाणू असलेली ‘५० बिलियन’ची कॅप्सूल मागवली. दोन्ही एकाच दिवशी सुरू केले आणि आता पोट फुगणे, गुरगुरणे पहिल्यापेक्षा वाढले आहे. हे पुढे चालू ठेवावे का, किती दिवस, सवय लागेल का, आणि घरचे दही पुरेसे नाही का, असे तुमचे प्रश्न आहेत. मी नागपुरात बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवले आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान मी करणार नाही. पण या दोन वस्तू कशा काम करतात आणि कोणत्या क्रमाने घ्याव्यात, हे मात्र विस्ताराने सांगतो.

माझे मत असे की सध्या दोन्ही थांबवावे. चार-पाच दिवसांत पोटाचा फुगारा ओसरू द्यावा, त्यानंतर फक्त साधे इसबगोल अगदी कमी मात्रेने सुरू करावे, आणि प्रोबायोटिकचा विचार त्यानंतर, तोही नेमके कारण असेल तरच करावा. दोन नव्या गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या की फायदा कशाने झाला आणि त्रास कशाने झाला, हे कधीच कळत नाही. तुमच्याकडे नेमके हेच झाले आहे.

त्रास वाढण्याचे संभाव्य कारण इन्युलिन आहे. फायबर हा शब्द एकच असला तरी त्यात स्वभावाने फार वेगळे पदार्थ येतात. इन्युलिन पाण्यात पूर्ण विरघळते आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू ते झपाट्याने आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, अॅसिटेट, प्रोपिओनेट अशी लहान साखळीची स्निग्धाम्ले तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, म्हणून ‘प्रीबायोटिक’, म्हणजे चांगल्या जिवाणूंचे खाद्य, हे बिरुद इन्युलिनला खोटे लावलेले नाही. परंतु याच क्रियेत वायूही तयार होतो, आणि डब्यातला स्कूप पहिल्याच दिवशी भरून घेतला तर तो भरपूर तयार होतो. ज्यांचे पोट आधीच संवेदनशील आहे त्यांना तो सोसत नाही. इसबगोल याच्या अगदी उलट वागते. ते पाणी धरून ठेवते, त्याचा गर बनतो, आणि जिवाणू त्याला फारसे आंबवू शकत नसल्याने तो गर शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे कडक शौच मऊ होते आणि पातळ शौच बांधून येते. एकच वस्तू दोन्ही तक्रारींवर दिली जाते ती याच कारणाने. अमेरिकेतील पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकारावर, म्हणजे आयबीएसवर, जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यातही इसबगोलसारख्या विरघळणाऱ्या फायबरची शिफारस आहे, न विरघळणाऱ्याची नाही. गव्हाचा न विरघळणारा जाडा कोंडा चमच्याने खाऊन पोटात कळा येतात अशी तक्रार घेऊन दुकानात अनेक जण येत असत, त्याचा उलगडा इथे होतो.

आता इसबगोल घ्यायचे कसे, कारण या साध्या गोष्टीत सर्वांत जास्त चुका होतात. किराणा दुकानात मिळणारी साधी भुसी घ्यावी. गुजरातेतल्या उंझा-सिद्धपूर भागातून येणारी ही वस्तू स्वस्त आहे आणि तिला चव-रंगाची गरज नाही. चहाचा एक चमचा भुसी म्हणजे साधारण दीड ते दोन ग्रॅम. एका मोठ्या पेल्यात अडीचशे मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात ही भुसी टाकून एकदा ढवळावी आणि लगेच प्यावे. पेला बाजूला ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत पाणी साबुदाण्याच्या खिरीसारखे दाट झालेले असेल आणि तळाशी लिबलिबीत गोळा बसलेला असेल. हाच गोळा घशात किंवा अन्ननलिकेत बनू नये, यासाठी भुसीची कोरडी फक्की कधीही मारू नये आणि वरून आणखी अर्धा पेला पाणी प्यावे. गिळताना अडकल्यासारखे होण्याचा त्रास ज्यांना आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल घेऊच नये. पहिला आठवडा रोज एक चमचा, दुसऱ्या आठवड्यात सोसेल तसे दोन चमचे, आणि पुढे दर आठवड्याला थोडे वाढवत दिवसाला पाच ते दहा ग्रॅमपर्यंत जावे. पाच ग्रॅमला पोट साफ होत असेल तर दहापर्यंत जाण्याचे काहीच कारण नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये.

सासूबाईंच्या बाबतीत वेळेचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात; इसबगोल तिच्या जवळपास घेतले तर गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर सांभाळावे. यासाठी संध्याकाळची वेळ सोयीची पडते, मात्र अंथरुणाला पाठ टेकण्याच्या अगदी आधी घेऊ नये. हाच नियम इन्युलिनखेरीज इतर दाट होणाऱ्या फायबरनाही लावावा.

पाण्याबद्दल वेगळे लिहावेसे वाटते, कारण सध्या मे महिना आहे आणि नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास आहे. दिवसभर कूलरसमोर बसलेल्या वयस्क माणसाला तहान जाणवत नाही, आणि लघवीचा त्रास होऊन गेलेल्या बायका तर वारंवार उठावे लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. जळजळीच्या भीतीने पाणी तोडणे दोन्ही बाजूंनी घातक आहे. त्याने जंतुसंसर्ग परत येण्याची शक्यता वाढते आणि शौचही कडक होते. अशा अवस्थेत फायबर वाढवले तर बद्धकोष्ठता सुटण्याऐवजी घट्ट होते. म्हणून आधी पाण्याचा तांब्या त्यांच्या खाटेजवळ ठेवा, सकाळ-दुपार ताक द्या, आणि मगच भुसीचा डबा उघडा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर मात्र हे सगळे त्यांना विचारूनच करावे.

पावडर हा आधार आहे. मुख्य चोथा ताटातून यायला हवा. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दोन हजार कॅलरींच्या आहारामागे सुमारे ३० ग्रॅम फायबर सुचवले आहे. याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नतक्त्यानुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, कणकेत ११, तुरीच्या डाळीत ९ ग्रॅम फायबर असते, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ते तीन ग्रॅमच्याही खाली असते. अख्ख्या हरभऱ्यात मात्र ते २५ ग्रॅम आहे. म्हणजे आपल्या तर्री-पोह्यात पोह्यांपेक्षा तर्रीतले हरभरे पोटाच्या जास्त कामाचे. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकणे थांबवले, दोन पोळ्यांच्या जागी एक वेळ ज्वारीची भाकर आली, आणि विदर्भात घरोघरी होणारी जवसाची चटणी रोज चमचाभर पानात पडली, तरी आठवड्याभरात बराच फरक पडतो. दात कमकुवत असतील तर हरभरे भिजवून मऊ शिजवावे आणि थोड्याच प्रमाणात सुरुवात करावी, कारण त्यातलेही फायबर आंबते आणि वायू होतो. संत्र्याचा हंगाम आला की गाळलेला रस देण्याऐवजी फोडी पातळ सालीसकट द्याव्यात.

प्रोबायोटिककडे वळण्याआधी एक व्याख्या लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली, ती अशी की पुरेशा प्रमाणात दिल्यास घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ करणारे जिवंत सूक्ष्मजीव. लाभ सिद्ध होतो तो विशिष्ट वाणाचा (स्ट्रेनचा, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचा), विशिष्ट तक्रारीसाठी. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू आणि सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट यांचे पुरावे चांगले आहेत, पण तेही अँटिबायोटिकबरोबरच सुरू केले तर. सासूबाईंचा कोर्स संपला आहे आणि त्यांना जुलाब नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी ही वस्तू उत्तम ठरली आहे, ते काम इथे नाहीच. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तर असे दाखवले की अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचे प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये स्वतःच्या मूळ जिवाणूंची वसाहत परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता, त्यावरून प्रोबायोटिक वाईट असा निष्कर्ष काढू नये, पण ‘अँटिबायोटिक झाले की प्रोबायोटिक हवेच’ हा दुकानाच्या काउंटरवर मिळणारा सल्ला त्याने नक्कीच डळमळीत होतो. पोटफुगी आणि आयबीएसबद्दल तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. अमेरिकेतील संघटनांनी २०२० आणि २०२१ मध्ये शिफारस करण्याचे टाळले, तर ब्रिटनच्या संघटनेने २०२१ मध्ये १२ आठवड्यांपर्यंत करून पाहावे आणि फरक न पडल्यास सोडावे, असे म्हटले. मला दुसरी भूमिका व्यवहार्य वाटते.

त्या बाटलीवरचे लेबल मात्र नीट वाचा. ‘५० बिलियन’ म्हणजे पाच हजार कोटी जीव. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची किमान अट दिवसाच्या मात्रेत दहा कोटींची आहे. आकडा मोठा म्हणून गुण मोठा असे होत नाही. प्रत्येक जिवाणूच्या नावापुढे वाणाचा संकेत, अक्षरे किंवा क्रमांक, दिला आहे का ते पाहा. नुसते ‘लॅक्टोबॅसिलस अॅसिडोफिलस’ लिहिलेले असेल तर त्यावर कोणते संशोधन लागू होते हे कुणालाच सांगता येणार नाही. दिलेला आकडा उत्पादनाच्या दिवसाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे तपासा. आणि साठवणुकीचे तापमान पाहा. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम उष्णतेने मरतात. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत आणि गोदामात पडून तुमच्या दारी आलेल्या बाटलीवर ‘२५ अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असेल, तर आतले किती जीव जिवंत आहेत याची खात्री छपाई देऊ शकत नाही. बॅसिलस क्लॉसी किंवा बॅसिलस कोॲग्युलन्स यांसारखे बीजाणू बनवणारे जिवाणू उष्णता बरीच सोसतात. इतरांच्या बाबतीत, उन्हाळ्यात घ्यायचेच असेल तर फ्रिज असलेल्या दुकानातून स्वतः जाऊन घ्यावे आणि घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवावे.

पुढे कधी अँटिबायोटिक सुरू झाले आणि डॉक्टरांनी प्रोबायोटिक दिले, तर दोन्हींच्या वेळेत दोन तासांचे अंतर ठेवा. यीस्टवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही, पण बुरशीविरोधी गोळ्यांचा होतो. केमोथेरपी सुरू असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेले रुग्ण यांना स्वतःच्या मनाने प्रोबायोटिक अजिबात देऊ नये. अशा रुग्णांमध्ये हेच जीव रक्तात शिरल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

दही-ताकाबद्दल: ते जरूर द्यावे. त्यात जिवंत जिवाणू असतात, शिवाय पाणी आणि प्रथिने मिळतात. विरजणात नेमके कोणते वाण आहेत हे ठाऊक नसल्याने व्याख्येप्रमाणे त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही, पण सासूबाईंच्या आजच्या तक्रारीला त्याने काही उणे पडत नाही. कढी उकळली की मात्र जिवाणू उरत नाहीत. ती चवीसाठी खावी.

सवयीची भीती इसबगोलाच्या बाबतीत बाळगू नये, ते महिनोन्‌महिने घेता येते. चूर्णांचे मात्र तसे नाही. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते आणि ती फायबर म्हणून नव्हे, आतड्याला चेतवून काम करते. अधूनमधून ठीक आहे, रोज रात्रीची सवय डॉक्टरांना न विचारता लावू नये. काही फायबर पावडरींतही सोनामुखी मिसळलेली असते, म्हणून तुमच्या डब्यावरील घटकांची यादी पाहून घ्या.

इसबगोल सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. थायरॉइडची मात्रा कमी पडत असेल तर बद्धकोष्ठता त्यानेच होते, तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? आणि रक्तदाबाची गोळी कोणती आहे? काही गोळ्यांनी, विशेषतः व्हेरापामिलने, शौच कडक होते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही होते. शौचातून रक्त किंवा काळे शौच, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी असणे, झोपेतून उठवणारी पोटदुखी, उलट्या, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल तर हे सगळे बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या. त्यांच्या वयात शौचाची सवय अचानक बदलली आणि सहा आठवड्यांत पूर्ववत झाली नाही, तर इतर लक्षणे नसली तरी पोटविकार तज्ज्ञांना दाखवावे.

गोळ्यांची नावे आणि टीएसएचचा आकडा कळवलात, तर भुसीची नेमकी वेळ ठरवायला मी मदत करू शकेन.