ताजच्या जुन्या कार्डाचं वय: आधी उजवी कड बघा

कार्डाचे दीड हजार रुपये लगेच देऊ नका. जुन्या बाजारात मुंबईच्या ताजचं जाहिरातीचं कार्ड मिळालं, विक्रेता 'उद्घाटनाच्या वेळचं, १९०३ चं' म्हणतोय आणि तुम्ही रविवारपर्यंत ते बाजूला ठेवायला सांगितलंय. तुम्ही टाकलेल्या दोन्ही फोटोंवरून सांगतो.

हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, एवढं त्याचं खरं. चित्रात गेटवे ऑफ इंडिया नाही, आणि तो १९२४ मध्ये पुरा झाला, म्हणजे कार्ड त्याच्या आधीचं, असं तुम्हीही धरलंय. पण समुद्राकडून पाहिलं तर गेटवे हॉटेलच्या उजव्या हाताला येतो, आणि तुमच्या कार्डाची उजवी कड हॉटेलच्या भिंतीपाशीच संपते. बोटभर जागा आणखी असती, तर शेजारचं ग्रीन्स हॉटेल तरी दिसलं असतं. आज ताजचा टॉवर उभा आहे तिथं ते होतं.

शिवाय चित्राचं वय वेगळं, कार्डाचं वेगळं. ब्लॉक, म्हणजे चित्राचा छापायचा ठसा, एकदा केला की छापखाने तो वर्षानुवर्षं वापरायचे. हॉटेलं अशी कार्डं पाहुण्यांना फुकट द्यायची. पाहुणा घरी चार ओळी खरडणार, जाहिरात आपोआप. दर वर्षी नवा फोटो कोण काढत बसणार?

पाठीवर मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी उभी रेघ असते, तिच्यावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये ती १९०२ पासूनच आली, त्यामुळे तिच्यावरून नेमकं वर्ष कळत नाही. कार्ड टपालात पडलेलं नाही, त्यामुळे तिकीट-शिक्क्याचाही आधार नाही.

राहिला कागद. पट्टी, दहापट भिंग आणि नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घेऊन जा. जुनी कार्डं बहुधा साडेपाच बाय साडेतीन इंचांची; सहा बाय चार निघालं तर नमस्कार करून पुढं सरका. भिंगातून आकाश बघा. तपकिरी चित्रात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले तर ती अलीकडची रंगीत नक्कल. टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा. न चमकल्यानं मात्र काहीच सिद्ध होत नाही.

मी एकदा कॅम्पातल्या एका हॉटेलचं कार्ड असंच हौसेनं घेतलं होतं. घरी कोपरा जरा उलला, तर आत पांढराशुभ्र कागद! चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं.

'हॉटेल उलटं बांधलं म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला' ही गोष्टही विक्रेत्यानं ऐकवली असेलच. ते सीताराम खंडेराव वैद्य, आपलेच मराठी, काम पुरं होण्याआधी वारले. पुढं ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टनं पुरं केलं. असल्या गोष्टीचे जादा पैसे देऊ नका.

चित्र आवडलं असेल तर चार-पाचशेला घ्या, १९०३ च्या भावानं नको. आणि घेतल्यावर लॅमिनेशन तेवढं करू नका, चिकट पानांचा अल्बमही नको.

हो, टॉर्च उन्हात कळत नाही. कार्ड पिशवीत धरून बघा.