डेटाबेसच्या जोडणीतून फाईल कशी फुटते?

प्रश्न : आमच्या अहवाल तयार करणाऱ्या जावा सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक आपल्या मायएसक्यूएल डेटाबेसची कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे सर्व्हरचा पत्ता आणि जोडणीचे पर्याय (पॅरामीटर) लिहिलेली ओळ, स्वतः भरतात. त्या रकान्यातून आमच्या सर्व्हरवरील फाईली वाचता येतात, असा शेरा सुरक्षा तपासणीत आला आहे. डेटाबेस ग्राहकाचा असताना फाईल आमची कशी जाते? ‘अलाउ लोड लोकल इनफाइल’ हे पॅरामीटर गाळले तर भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : शेरा बरोबर आहे आणि तो तातडीने मनावर घ्यावा. जोडणी करताना आपले सॉफ्टवेअर क्लायंट असते. ‘लोड डेटा लोकल’ या आदेशात क्लायंटच्या यंत्रावरील फाईल सर्व्हरकडे जाते; मात्र कोणती फाईल हवी, हे सर्व्हरच कळवतो. २५१ हा पहिला बाइट आणि त्यापुढे फाईलचे नाव, एवढाच तो निरोप असतो. साहजिकच रकान्यात बनावट सर्व्हरचा पत्ता भरला गेला, तर आपण साधी ‘सिलेक्ट’ क्वेरी पाठवली तरी तो उत्तरादाखल आपल्या कॉन्फिगरेशन फाईलचे नाव धाडतो आणि ‘अलाउ लोड लोकल इनफाइल’ने ही सुविधा चालू असलेला ड्रायव्हर (आपल्या सॉफ्टवेअरतर्फे डेटाबेसशी बोलणारा भाग) ती फाईल निमूटपणे पाठवून देतो. डेटाबेस हाताळण्याच्या ॲडमिनर या पीएचपी साधनात ४.६.२ आवृत्तीपर्यंत हीच त्रुटी होती. लॉगिनच्या पानावर स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता टाकणे हल्लेखोराला पुरत असे.

मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरने ८.०.१५ पासून ही सुविधा मुळातच बंद ठेवली आहे, पण कनेक्शन स्ट्रिंगमधून ती पुन्हा चालू करता येते, आणि आपली स्ट्रिंग तर परक्याच्या हाती आहे.

नुसता शब्द गाळून भागणार नाही. हा ड्रायव्हर प्रश्नचिन्हानंतरचीच नव्हे, तर होस्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याच्या, जागी कंसात लिहिलेली पॅरामीटरेही स्वीकारतो. अक्षरे टक्केचिन्हाच्या सांकेतिक रूपात लिहिता येतात. ‘ट्रू’ऐवजी ‘येस’ही चालते. अपाची इनलाँग या डेटा वाहून नेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो डिसीरियलाइज’ (सर्व्हरकडून आलेल्या बाइटांपासून आपोआप जावा ऑब्जेक्ट बनवणारे) हे दुसरे धोकादायक पॅरामीटर अडवणारी गाळणी नुसत्या रिकाम्या जागा घालून चुकवता येत असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. नको ते वगळत बसण्यापेक्षा हवे तेवढेच घेणे, हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो. ग्राहकाकडून होस्ट, पोर्ट, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड असे वेगळे रकाने घ्यावेत, होस्टमध्ये अक्षरे, अंक, टिंब आणि जोडरेघ यांपलीकडे काही आल्यास तो नाकारावा, डेटाबेसचे नावही तसेच पारखावे आणि स्ट्रिंग आपल्या प्रोग्रामनेच रचून त्यात ही सुविधा स्पष्टपणे बंद ठेवावी. प्रोग्राम ज्या खात्याखाली चालतो, त्याला नको त्या फाईली वाचण्याची परवानगीही काढून घ्यावी.

रकाना आजवर उघडा राहिला असेल, तर दुरुस्तीच्याच दिवशी त्या यंत्रावरील फाईलींत असलेले सर्व पासवर्ड आणि किल्ल्या बदला. वाचून नेलेली फाईल जागच्या जागीच राहते, त्यामुळे ती फुटल्याचे तिच्याकडे पाहून कळत नाही.