चोच वाढली की जाड चोचवाले उरले?

प्रश्न: गरज पडली की प्राणी स्वतःला बदलून घेतात, हेच ना नॅचरल सिलेक्शन (नैसर्गिक निवड)?

उत्तर: नाही हो, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर बेटावर १९७७ साली दुष्काळ पडला, बारीक मऊ बिया संपल्या, उरल्या त्या मोठ्या नि कडक, आणि त्या फोडायला जाड चोच लागते, मग बारीक चोचीचे फिंच पक्षी भराभर मेले. चोच कुणाचीच वाढली नाही! जाड चोचवाले आधीपासून होतेच, ते जास्त जगले, त्यांना पिल्लं झाली, आणि चोचीचा आकार आनुवंशिक, म्हणून पुढची पिढी सरासरी जाड चोचीची निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्यानं हे चक्क चोची मोजून दाखवलंय. गंमत म्हणजे १९८३ च्या धो धो पावसानंतर बारीक बिया वाढल्या आणि मग छोट्या चोचवाल्यांची चलती.