येसचा ‘टेल्स’ ऐकायचाय? थांब जरा

प्रोग रॉकची, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताची, सुरुवात थेट येस या ब्रिटिश बँडच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या अल्बमपासून करू नकोस. आधी येसचाच १९७२चा ‘क्लोज टू द एज’ ऐक, कान तयार होतील.

‘टेल्स’ डिसेंबर १९७३चा. दोन रेकॉर्ड, चार बाजू आणि गाणीही चारच. एकेक वीस मिनिटांच्या आसपास. गायक जॉन अँडरसनला कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या ‘योगी कथामृत’मधल्या एका तळटीपेवरून. तिच्यात हिंदू शास्त्रांचे चार प्रकार सांगितलेत, म्हणून चार बाजू म्हणजे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. पण यात सतार-तबला शोधू नकोस, अर्थाच्या मागेही लागू नकोस. खरं सांगायचं तर गाण्यांच्या शब्दांतून फारसं काही हाती लागत नाही.

लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना वातावरणनिर्मितीसाठी तिथे गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याच्या गाई ठेवल्या होत्या! कीबोर्डवाल्या रिक वेकमनला हे सगळं पाल्हाळ वाटलं आणि १९७४मध्ये त्याने बँड सोडला. समीक्षकांनीही झोडपलं, तरी ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

एका बैठकीत एकच बाजू ऐक. क्रम मोडलास तरी चालेल. मी तर चौथीपासून सुरू करायला सांगेन. तिच्यात ख्रिस स्क्वायरची बास गिटार नुसती गाते, मग ढोल-ताशांसारखा ड्रम्सचा दणका. तिसरीचा सुरुवातीचा गोंगाट सोस, शेवटाकडे स्टीव्ह हाऊची अकूस्टिक गिटार येते. दुसरी मात्र मलाही लांबलेलीच वाटते.