वाचकांचे प्रश्न : आजोबांची रुळांवरची वर्षे गेली कुठे?

प्रश्न : माझे आजोबा पूर्णा जंक्शनच्या परिसरात गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले मजूर होते. 1960 पासून 1992 मध्ये निवृत्त होईपर्यंत आपण रुळांवरच होतो, असे ते सांगत. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर मात्र सेवा जेमतेम 22 वर्षांची दिसते. शिवाय घरातील एका जुन्या कागदावर ‘मध्य रेल्वे’ असे छापलेले आहे, तर दुसऱ्यावर ‘दक्षिण मध्य रेल्वे’. यातले खरे कोणते, आणि मधली वर्षे गेली कुठे?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : कागदांचा उलगडा सोपा आहे, म्हणून तो आधी करतो. दोन्ही कागद खरे आहेत. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली) लाइन हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून 1900 च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे निझाम स्टेट रेल्वेचा भाग झाली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1951 मध्ये ती मध्य रेल्वेत आली, 2 ऑक्टोबर 1966 रोजी स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेली आणि 2003 पासून तिचा पूर्णेकडचा भाग नांदेड विभागात आहे. तुमच्या आजोबांनी आपली बीट (नेमून दिलेला रुळांचा टप्पा) सोडली नसतानाही मालकाचे नाव बदलत राहिले.

वर्षांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. त्या काळी गँगवर येणारा माणूस बहुधा ‘कॅज्युअल लेबर’, म्हणजे हंगामी मजूर म्हणून हजेरीपटावर लागे. सलग ठरावीक दिवस भरले (पुढे ही अट 120 दिवसांची होती), तर चालू लाइनवरच्या मजुराला तात्पुरता दर्जा मिळे; म्हणून अनेक ठिकाणी दिवस भरत आले की मध्येच खंड पाडला जाई आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. नव्या लाइनच्या प्रकल्पांवरील मजुरांना तर तेवढाही आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये इंद्रपाल यादव खटल्यात निकाल दिल्यानंतर त्यांनाही ठरावीक दिवसांच्या कामावर असा दर्जा मिळू लागला. त्यातही तात्पुरता दर्जा मिळाल्यापासून कायम होईपर्यंतच्या काळातील निम्मीच सेवा निवृत्तिवेतनासाठी धरण्याचा नियम होता. म्हणजे आजोबा दहा-बारा वर्षे कॅज्युअल आणि तात्पुरते राहिले असतील, तर हिशेबातून गळालेली वर्षे याच फटीत सापडतील. सेवापुस्तकात तात्पुरत्या दर्जाची तारीख पाहा, आणि जुन्या पेटीत ‘कॅज्युअल लेबर कार्ड’ असेल तर ते जपून ठेवा.

कागदात मे 1974 पाशी एखादा खंड दिसला, तर त्याचे कारण वेगळे असू शकते. 8 ते 27 मे 1974 या काळात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेसंप झाला. बोनस, वेतन आणि कामाचे तास या मागण्यांसाठी झालेल्या त्या संपात हजारो कामगारांना अटक झाली, अनेकांना बडतर्फ केले गेले, कुटुंबांना क्वार्टर सोडण्याच्या नोटिसा आल्या आणि संपकऱ्यांच्या सेवेत खंड धरला गेला. 1977 च्या सत्तांतरानंतर बडतर्फ कामगारांना परत घेण्यात आले.

ज्या कामाची ही मोजणी चालली होती ते काम मराठवाड्यात किती जड होते, हेही सांगितले पाहिजे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. रुळाखालची खडी त्यात रुतत जाते. पावसाळ्यानंतर मुकादमाच्या हाकेवर पहारींनी रूळ उचलायचा, बीटरने खडी ठोकून पॅकिंग करायचे, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा. रुळांच्या चाव्या घट्ट आहेत का हे पाहणारा चावीवाला रोज आपली बीट पायी तपासे. पावसात रात्रीची गस्त, उन्हाळ्यात तापून पसरणाऱ्या रुळांवर नजर. पूर्णेला हिंगोलीची शाखा 1912 मध्ये जोडली गेली होती आणि 1960 च्या सुमारास ती अकोल्यामार्गे खांडव्याला भिडली, त्यामुळे उत्तर आणि दक्षिणेतल्या मीटरगेज गाड्या इथूनच जाऊ लागल्या. लोको शेडभोवतीच्या (इंजिनांच्या शेडभोवतीच्या) वसाहतीत मराठी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी एकाच नळावर ऐकू येत त्या त्यामुळेच.

या वसाहतींत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने होती, कारण गावगाड्याबाहेरचा रोख पगार इथे मिळे. मात्र, रुळांवरही उतरंड होतीच. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. दलितांना गँगमनच्याच कामावर अडकवून ठेवले जाते, वरच्या जागा त्यांना मिळत नाहीत, ही तक्रार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे मांडली. परिषद दुसऱ्या रेल्वेची होती, पण आपली गोदावरी व्हॅली लाइन मनमाडलाच सुरू होते.

प्रश्न : लातूरची ‘छोटी लाइन’ निझामाचीच होती का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. ती बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी अडीच फुटी नॅरोगेजवर 1897 मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू केलेली ही लाइन 1911 मध्ये लातूरला पोहोचली. सरकारने ती 1954 मध्ये विकत घेतली. तिचा कारखाना कुर्डुवाडीत असल्याने लातूरकडच्या कामगारांची नाळ सोलापूर जिल्ह्याशी जुळली, सिकंदराबादशी नव्हे. ब्रॉडगेज तिथे 2007–08 मध्ये आले.