गोळा दिसला म्हणजे मूलपेशी सापडली का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची पत्रे जास्त आहेत आणि बहुतेक कर्करोगातील मूलपेशींबद्दल, म्हणजे कॅन्सर स्टेम सेलबद्दल आहेत. इतर वाचकांसाठी थोडक्यात: गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या कुवतीच्या नसतात. काही पेशी स्वतःसारख्या पेशी पुन्हा पुन्हा तयार करू शकतात आणि त्यांच्यापासून मूळ गाठीसारखी, नाना प्रकारच्या पेशींची गाठ पुन्हा उभी राहू शकते. या दोन गोष्टी जी करून दाखवते तीच मूलपेशी. पुढच्या सगळ्या उत्तरांचा कस याच व्याख्येवर लागतो.

प्रश्न: एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींपासून मॅमोस्फिअर, म्हणजे तरंगत वाढणारे पेशींचे गोळे, करतो. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला २०,००० पेशी टाकतो. गोळे भरपूर येतात, मोठे येतात. पण ते सुटे करून पुन्हा लावले की दुसऱ्या फेरीत जवळजवळ काहीच दिसत नाही. कुठे चुकते आहे?

उत्तर: आकड्यातच चुकते आहे. वेलचा तळ जेमतेम २ चौरस सेंटिमीटरचा. त्यात २०,००० पेशी म्हणजे त्या एकमेकींना चिकटणारच. तुमचे बरेचसे गोळे वाढलेले नसून जमलेले असावेत. खात्री करायला पाचव्या दिवसाची वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरा. २४ तासांत ५० मायक्रॉनचा गोळा दिसला तर तो एका पेशीच्या विभाजनातून आलेला असणे शक्यच नाही.

दर वेलला १ मिलिलिटरमध्ये ५०० ते १,००० पेशी, यापेक्षा जास्त नकोत. मीडियम सीरमविरहित हवे: डीएमईएम/एफ-१२, त्यात १एक्स बी-२७ हे पूरक, ईजीएफ आणि बेसिक एफजीएफ हे वाढीचे घटक प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, हेपरिन ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हेपरिन वगळण्याचा मोह टाळा. ३७ अंशांवर बेसिक एफजीएफ फार लवकर निकामी होते आणि हेपरिन त्याला आधार देते. दर दोन-तीन दिवसांनी वाढीचे घटक वरून घाला, जुने मीडियम काढू नका. आणि मधल्या काळात प्लेट हलवू नका. इनक्युबेटरचे दार सारखे उघडून गोळे मोजणाऱ्याच्या प्लेटमध्ये सगळा माल वेलच्या मध्यभागी गोळा होतो, मग चिकटाचिकटी आलीच.

दुसरी फेरी फसण्याचे कारण सुटे करण्यातही असते. गोळे १०० ते २०० जी वेगावर पाच मिनिटे फिरवून खाली बसवा, अ‍ॅक्युटेजमध्ये (पेशी सुट्या करणाऱ्या सौम्य विकरात) काही मिनिटे ठेवा, मग २५ गेजच्या सुईतून हळूहळू दहाएक वेळा ओढा-सोडा. फेस आला म्हणजे जोर जास्त झाला, पेशी मेल्या. त्यानंतर ४० मायक्रॉनची जाळी, आणि ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळे करणारा रंग) घालून मोजणी. मोजताना मेलेल्या पेशींइतकेच लक्ष जोड्यांकडे द्या. शंभरात पाच-सात जोड्या दिसल्या तर पुन्हा गाळा. सुटे करताना सीरम वापरले असेल तर धुऊन काढा. त्याचा अंश राहिला तरी पेशी तळाला चिकटून पसरायला लागतात.

सातव्या दिवशी ५० मायक्रॉनपेक्षा मोठे तेवढेच गोळे मोजा. १,००० पेशींतून १२ आले तर स्फिअर बनवण्याचे प्रमाण १.२ टक्के. पहिल्या फेरीचा आकडा एकटा फारसे सांगत नाही, कारण तिथे थोडेफार विभाजन करून थकणाऱ्या पेशीही गोळे बनवतात. स्वतःसारखी पेशी बनवण्याचा पुरावा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळतो.

तरी शंका उरली तर अर्ध्या पेशी लाल आणि अर्ध्या हिरव्या प्रथिनाने रंगवून मिसळून लावा. दुरंगी गोळे म्हणजे जमलेले. यात एक बारकावा सुटतो: लाल-लाल किंवा हिरव्या-हिरव्या पेशीही जमतात, पण त्या एकरंगीच दिसतात. म्हणून २० टक्के गोळे दुरंगी निघाले तर, दोन-दोन पेशींच्याच जमावाचा हिशेब धरला तर, खरे जमलेले सुमारे ४० टक्के असतात.

प्रश्न: एमडीए-एमबी-२३१ या स्तनकर्करोगाच्या पेशीरेषेत सीडी४४ पॉझिटिव्ह, सीडी२४ निगेटिव्ह (पृष्ठभागावर सीडी४४ प्रथिन असलेल्या, सीडी२४ नसलेल्या) पेशी ९० टक्क्यांवर येतात. म्हणजे ही पेशीरेषा जवळजवळ पूर्ण मूलपेशींचीच आहे का?

उत्तर: नाही. या रेषेत बहुतेक पेशींवर हीच खूण असते, त्यामुळे तिच्या आधारे निवडणे म्हणजे काहीच न निवडणे. २००३ साली अल-हज, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ही खूण रुग्णांच्या स्तनाच्या गाठींतून घेतलेल्या पेशींत दाखवली. तिथे अशा अवघ्या १०० पेशींनी उंदरात गाठ धरली, तर खूण नसलेल्या हजारो पेशींनी धरली नाही. ती खूण त्या संदर्भातली आहे. वर्षानुवर्षे प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशीरेषेला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी नेऊन तिच्यावरच्या खुणा मोजण्याच्या, बाबतीत तीन गोष्टी तपासा. पेशी ट्रिप्सिनने उचलत असाल तर पृष्ठभागावरच्या खुणाही छाटल्या जाऊ शकतात, म्हणून अ‍ॅक्युटेज किंवा ईडीटीए वापरा. सीडी२४ ची सीमारेषा अंदाजाने ओढू नका; सगळे रंग घालून फक्त सीडी२४ चा वगळलेली नळी, म्हणजे एफएमओ कंट्रोल, लावाच. आणि मेलेल्या पेशी व जोड्या आधी वगळा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशी चिकटून गेल्या तर यंत्र त्यांना एकच पॉझिटिव्ह पेशी समजते.

प्रश्न: अ‍ॅल्डिफ्लोर चाचणीत (एएलडीएच हे विकर जास्त असलेल्या पेशी चमकवणाऱ्या) डीईएबी, म्हणजे त्या विकराला रोखणारे रसायन, घातलेली कंट्रोल नळीसुद्धा चमकते.

उत्तर: बहुधा हात सावकाश चालतो आहे. चमक देणारे द्रव्य पेशींत पडताच अभिक्रिया सुरू होते. दहा लाख पेशी प्रति मिलिलिटर या द्रावणात ५ मायक्रोलिटर द्रव्य टाकल्यावर लगेच अर्धा मिलिलिटर डीईएबीच्या नळीत जायला हवे. ती नळी आधीच भरून, झाकण लावून तयार ठेवा. डीईएबी अल्कोहोलमध्ये असते आणि झाकण उघडे राहिले तर उडते. ३० ते ६० मिनिटे ३७ अंशांवर, नंतर सरळ बर्फावर, तेही किटच्याच बफरमध्ये. पीबीएसमध्ये (साध्या क्षारांच्या बफरमध्ये) धुतल्यास पेशींचे पंप चमकणारा पदार्थ बाहेर टाकतात. हिरवी वाहिनी या चाचणीची, त्यामुळे सोबतच्या प्रतिपिंडांना दुसरा रंग निवडा.

प्रश्न: उंदरांशिवाय भागत नाही का?

उत्तर: प्रश्न ‘ही पेशी गाठ धरते का’ असा असेल तर नाही भागत. ‘या औषधाने स्फिअर बनवणाऱ्या पेशी कमी होतात का’ एवढाच असेल तर मर्यादित विरलन, म्हणजे कमी-जास्त पेशी टाकून किती वेल रिकाम्या राहतात ते पाहणे, पुरते. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ५, २०, ८० आणि ३२० पेशी, प्रत्येकी २४ वेल. जिथे सुमारे ३७ टक्के वेल रिकाम्या राहतात तो आकडा म्हणजे प्रमाण: ८० पेशींच्या रांगेत २४ पैकी ९ वेल रिकाम्या असतील तर ढोबळमानाने ८० पेशींत एक. नेमका आकडा आणि त्याची अनिश्चितता ईएलडीए या मोफत साधनात काढा. सगळ्या वेल भरल्या किंवा सगळ्या रिकाम्या राहिल्या तर मात्र आकडा निघत नाही. पेशींची संख्या बदलून पुन्हा लावा.

उंदीर वापरायचेच तर प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी. पेशी बर्फावर, मॅट्रिजेल या पेशींना आधार देणाऱ्या जेलसह निम्मे-निम्मे, टिप आणि सिरिंजही थंड. आणि उंदराची जात निकालात ठळक लिहा. २००८ मध्ये क्विंताना, मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी मेलानोमाच्या पेशी प्रतिकारशक्ती अधिक खच्ची असलेल्या उंदरांत, मॅट्रिजेलसह टोचल्या आणि जास्त काळ वाट पाहिली. न निवडलेल्या एकेकट्या पेशींपैकी सुमारे एक चतुर्थांश पेशींनी गाठ धरली. जुन्या पद्धतीत हेच प्रमाण अत्यंत दुर्मीळ दिसत होते. पेशी त्याच, परीक्षा बदलली.

प्रश्न: औषधानंतर एएलडीएच पॉझिटिव्ह पेशी २ टक्क्यांवरून ८ टक्के झाल्या. औषधाने मूलपेशी वाढवल्या, असे लिहू का?

उत्तर: आधी एकूण जिवंत पेशी मोजा. औषधापूर्वी दहा लाखांत २ टक्के म्हणजे २०,०००. औषधानंतर एक लाखच उरल्या असतील तर ८ टक्के म्हणजे ८,०००. संख्या घटली आहे, बाकीच्या जास्त मेल्या एवढेच. संख्या खरोखर वाढली असेल तरी दोन शक्यता उरतात: असलेल्या मूलपेशी वाढल्या, किंवा साध्या पेशींनी रूप बदलले. वेगळे करायला शुद्ध निगेटिव्ह पेशी निवडा, निवडीनंतर लगेच थोड्या पुन्हा यंत्रात घालून शुद्धता तपासा, मग औषध देऊन पाहा. शुद्धता ९८ टक्के असेल तर नंतर दिसलेल्या २ टक्के पॉझिटिव्ह पेशींवरून काहीही सिद्ध होत नाही.